सीपॅपचे आकडे मस्त येतायत, मग दिवसभर पेंग का?

अर्धोन्मीलित

नमस्कार. माझं वय ४६. घोरणं कॉलेजपासूनचं, त्यामुळे ते कधी मनावर घेतलं नव्हतं. मग तीन गोळ्या घेऊनही बीपी आटोक्यात येईना तेव्हा डॉक्टरांनी स्लीप स्टडी करायला लावली आणि त्यात एएचआय ४१ आला, म्हणजे तासाला सरासरी ४१ वेळा श्वास एकतर थांबतोय नाहीतर अर्धामुर्धाच होतोय, आणि रक्तातला ऑक्सिजन मधेच ७८ टक्क्यांपर्यंत घसरतोय. ३० च्या वर म्हणजे सिव्हिअर स्लीप ॲप्निया असं सांगितलं. ऑटो सीपॅप घेतलं, म्हणजे मास्कमधून हवेचा दाब देऊन घसा उघडा ठेवणारं आणि दाब आपोआप कमीजास्त करणारं मशीन, प्रेशर ६ ते १४, नाकावरचा मास्क. आता बरेच महिने झालेत.

प्रश्न असा की मोबाइलमधलं ॲप रोज सकाळी एएचआय २ च्या आत दाखवतं, वर हिरवा हसरा चेहरा. आणि मी मात्र जवळपास होतो तसाच. फरक अजिबात नाही असं नाही, सकाळी डोकं दुखायचं ते कमी झालंय, रात्री लघवीला उठणंही कमी झालंय. पण अकरा वाजले की डोळ्यांवर झापड. परवा मीटिंगमध्ये नोट्स काढत होतो, नंतर वही उघडून बघतो तर दोन ओळी नीट, तिसरी ओळ उताराला लागलेली आणि पुढे नुसती पेनाची रेघ, पार कडेपर्यंत गेलेली. शेजारच्याने बघितलं असणार, बोलला नाही काही. एकच मेल पुन्हा पुन्हा वाचायची, माणसांची नावं ऐन वेळी गायब, मुलीवर उगाच खेकसायचं आणि मग दिवसभर वाईट वाटत राहायचं. गाडीची किल्ली बायकोने ताब्यात घेतलीये आणि तिचं बरोबरच आहे. तिची झोप मात्र झकास व्हायला लागलीये, कारण आता आवाजच नाही. कधीकधी पहाटे जाग येते तर मास्क उशीशेजारी पडलेला असतो, कधी काढला पत्ता नसतो, पण आकडा तरी छान येतो म्हणून सोडून देतो.

साहेबांना वाटतं मी आळशी झालोय. "झोप नीट घेत जा" हा सल्ला तर जो तो देतो, अहो झोपतोच तर आहे, चांगला आठ आठ तास!

कुणाला असा अनुभव आहे का? मशीन खोटं बोलतंय की मला दुसरंच काहीतरी झालंय?

बिनधास्त_घोरे

सेम टू सेम! माझा एएचआय पण एकदम चांगला होता आणि मी दिवसभर मेल्यासारखा. शेवटी थायरॉइड निघालं. एकदा थायरॉइड, हिमोग्लोबिन, बी१२, शुगर एवढं तपासून घ्याच, ॲप्निया आहे म्हणून दुसरं काही होत नाही असं थोडंच आहे.

नळीवाला

अर्धोन्मीलित, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता सांगून मोकळे झालात. मास्क पहाटे उशीशेजारी सापडतो. तिथेच तर ग्यानबाची मेख आहे!

ॲपवरचा तो २ चा आकडा मशीन चालू होतं तेवढ्याच तासांचा असतो. मास्क निघाला की मोजणंच थांबतं. समजा अकराला झोपलात, अडीचला मास्क निघाला, सातला उठलात. म्हणजे साडेतीन तासांचा एएचआय २, आणि पुढचे साडेचार तास तुम्ही जुनेच ४१ वाले, बहुतेक त्याहून वाईटच, आणि याची नोंद कुठेच नाही. वाईट का, तर रेम झोप, स्वप्नं पडतात ती, रात्रीच्या शेवटच्या भागात जास्त असते आणि तेव्हा शरीराचे बहुतेक स्नायू लुळे पडलेले असतात, घशाचेही सगळ्यात सैल तेव्हाच. त्यामुळे श्वास जास्त वेळा अडकतो, अडकला की जास्त वेळ अडकतो आणि ऑक्सिजनही तेव्हाच जास्त घसरतो. तुम्ही रात्रीचा सोपा भाग मशीनवर काढताय आणि अवघड भाग तसाच.

दुसरं म्हणजे मशीनचा एएचआय हा हवेच्या प्रवाहावरून काढलेला अंदाज आहे. तुम्ही झोपलाय का नुसते डोळे मिटून पडलाय हे त्याला कळत नाही, आणि वेगळा सेन्सर जोडला नसेल तर ऑक्सिजनही कळत नाही. लॅबमध्ये डोक्याला वायरी लावून झोप मोजतात, इथे तसं काही नाही. म्हणून खोटं बोलतंय असं नाही म्हणणार मी, पण त्याला जेवढं दिसतं तेवढंच ते सांगतं.

हसरा चेहरा बाजूला ठेवा आणि आत 'वापर' आणि 'लीक' (मास्कमधून बाहेर निसटणारी हवा) असे दोन आकडे असतात ते बघून सांगा. आणि चार तास वापरलं की पुरे असं कुणी सांगितलं असेल तर ती चार तासांची अट अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी आरोग्य विम्याची आहे, ३० दिवसांतल्या ७०% रात्री किमान ४ तास, मशीनचे पैसे देत राहायचं की नाही ते ठरवायला. मेंदूला असली काही अट माहीत नसते, जितके तास जास्त तितकी दिवसाची हुशारी जास्त, असंच अभ्यासांतही दिसलंय.

अर्धोन्मीलित

बघितलं. ते पान तीन टिचक्या आत लपवून ठेवलंय, का कोण जाणे. महिन्याची सरासरी ३ तास ४० मिनिटं!! आणि लीक बऱ्याच रात्री लाल. मला वाटायचं क्वचित कधीतरी निघतोय मास्क, इथे तर रोजचंच दिसतंय. पहाटे नाक चोंदलेलं असतं आणि तोंड इतकं कोरडं की जीभ टाळूला चिकटते. याचा संबंध असेल का?

स्पष्टवक्ता

कडू बोलतो, राग मानू नका. ही मशीनं म्हणजे धंदा आहे. २०१६ चा मोठा अभ्यास आहे, सीपॅप लावून हार्ट अटॅक, स्ट्रोक काही कमी झाले नाहीत असंच त्यात निघालं. जन्मभर तोंडाला नळी लावून झोपण्यापेक्षा वजन उतरवा, कुशीवर झोपा, रात्रीचे पेग बंद करा. माझ्या भावाने वजन उतरवलं, घोरणं बंद, विषय संपला.

नळीवाला

स्पष्टवक्ते, तुम्ही सेव्ह नावाच्या अभ्यासाबद्दल बोलताय. २७०० हून जास्त लोक होते, सगळे आधीच हृदयविकार किंवा स्ट्रोक होऊन गेलेले, आणि ज्यांना दिवसा फार झोप येते त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. बरं, मशीन सरासरी किती वापरलं त्यांनी? रात्री ३.३ तास. म्हणजे आपल्या अर्धोन्मीलितरावांपेक्षाही कमी. त्यावरून पूर्ण रात्र मशीन वापरून काय होतं हे कसं सांगणार? आणि त्याच अभ्यासात घोरणं, दिवसाची झोप आणि मूड या सगळ्यात सुधारणा दिसली होती, ते कुणी सांगत नाही. हृदयाचा वाद चालू राहू दे, यांचा प्रश्न तर मीटिंगमध्ये पेंग येण्याचा आहे.

वजनाचं म्हणाल तर १०० टक्के मान्य. विस्कॉन्सिनच्या अभ्यासात, २००० साली आलेला, वजन १०% उतरलं तर एएचआय साधारण २६% उतरतो असं दिसलं होतं. करा हिशोब, ४१ चे ३० होतील. उत्तमच, पण तरी सिव्हिअरच्या उंबऱ्यावरच. आणि ज्याला अकरा वाजता डोळे उघडे ठेवता येत नाहीत त्याने व्यायाम कधी करायचा? झोप मोडली की भूकही जास्त लागते. वजन उतरेपर्यंत मशीन, असं धरा, दोन्हीत भांडण लावू नका. वजन कमी करणारं टिर्झेपेटाइड आहे ना, त्याला डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने स्थूलपणा असलेल्यांच्या मध्यम ते तीव्र ॲप्नियासाठी मान्यता दिली, म्हणजे डॉक्टर मंडळीही वजनाला कमी लेखत नाहीयेत.

भावाचं घोरणं थांबलं याचा आनंदच आहे, पण घोरणं थांबलं म्हणजे ॲप्निया गेला असं नसतं, पुन्हा एकदा स्टडी करायला सांगा त्यांना.

(विषयांतर: ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींचं डिजरिडू वाद्य आहे ना, ते रोज वाजवून ॲप्निया कमी होतो असा छोटासा स्विस अभ्यास २००६ मध्ये आला होता, २५ जणांवरचा. २०१७ मध्ये त्याला इग नोबेल, म्हणजे हसवणाऱ्या संशोधनाला देतात ते गमतीचं नोबेल, मिळालं, तेही शांततेचं! शेजाऱ्यांचं काय झालं देव जाणे.)

स्पष्टवक्ता

बरं बरं. अभ्यासाचं राहू द्या, पण पेग बंद हे तर खरं ना?

नळीवाला

ते एकदम खरं. दारूने घसा आणखी सैल पडतो. झोपेच्या गोळ्याही डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. कुशीवर झोपायचंही बरोबर, बऱ्याच जणांचा ॲप्निया उताणं झोपल्यावरच जास्त असतो.

तिची_बाजू

मी पेशंट नाही, पेशंटची बायको. आमच्याकडे सुरुवातीला अगदी हेच चाललं होतं आणि हेही शपथेवर सांगायचे की मी मास्क काढतच नाही म्हणून. एका रात्री मी मुद्दाम जागी राहून बघितलं. डाव्या कुशीवर वळले, फुस्स्स असा आवाज आला, हवा डोळ्यात जायला लागली, कपाळाला आठी पडली, हात वर गेला, अंगठ्याने बरोब्बर ती चुंबकाची क्लिप सोडवली, मास्क बाजूला ठेवला, अगदी नीट ठेवला हो, आणि पाच मिनिटांत घोरायला सुरुवात. डोळे एकदाही उघडले नव्हते. तेव्हापासून मी चिडायचं सोडलं, झोपेतल्या माणसाशी काय भांडणार.

तर आम्हाला उपयोग झाला तो असा. मास्क बसून बांधायचा नाही, मशीन सुरू करून, आडवं होऊन, नेहमीच्या कुशीवर वळून मग पट्टे जुळवायचे, कारण आडवं झाल्यावर चेहऱ्याचा आकार बदलतो. आणि पट्टे आवळायचे नाहीत! लीक झालं की सगळे आवळतात, त्याने मास्कची उशी चेपते आणि लीक वाढतं, वर नाकाच्या हाडावर लाल वळ. ती सिलिकॉनची उशी चेहऱ्याच्या तेलाने बुळबुळीत होते, रोज पुसायची, झोपायच्या आधी चेहरा साबणाने धुवायचा, क्रीम लावायचं नाही. आणि ती झिजते, डोळ्यांना दिसत नाही पण झिजते, नवीन बसवली की फरक लगेच कळतो. दाढी असेल तर ती पण बघा.

तोंड कोरडं म्हणजे तोंडातून हवा जात असणार. नाक चोंदलं की माणूस तोंड उघडणारच ना. आम्ही आधी ईएनटीला नाक दाखवलं, त्यांनी स्प्रे दिला, मशीनचा ह्युमिडिफायर, म्हणजे हवा ओलसर करणारा भाग, एक पायरी वाढवला. तो वाढवला तर नळीत पाणी जमून गुडगुड व्हायला लागली, मग गरम होणारी नळी घेतली आणि मशीन पलंगापेक्षा खाली ठेवलं, गुडगुड गेली.

संध्याकाळी टीव्ही बघताना अर्धा तास मास्क लावून बसायचे, मशीन चालू ठेवून. मुलं हसायची आधी. पण शरीराला सवय तशीच होते, झोपेत एकदम लावलं तर अंग ते झटकून टाकतंच. आणि घरात एकच नियम ठेवला, जाग आली आणि मास्क नाही असं दिसलं की वेळ कितीही झालेली असो, परत लावायचा. पहाटे पाचलाही.

अजून एक सांगते, इथे बायकाही वाचत असतील म्हणून. मास्क आला की पलंगावर आपल्या दोघांमध्ये एक यंत्र आल्यासारखं वाटतं, नवरा लाजतो, वैमानिक झालोय म्हणतो, आणि मग मास्क लावायचं टाळतो. बोलायचं, जवळ यायचं ते सगळं आधी, मास्क अगदी शेवटी, असं ठरवून टाकलं की त्यातलं अवघडलेपण जातं.

मी_घोरत_नाही

माझं उदाहरण देते कारण आपल्याकडे ॲप्निया म्हटलं की जाडा, घोरणारा पुरुषच डोळ्यासमोर येतो. मी बारीक, जबडा लहान आणि मागे सरकलेला, पाळी जायच्या सुमाराला त्रास सुरू झाला. घोरणं नावालाच. मला झोप लागायची नाही, लागली तर मोडायची, सकाळी अंगातून काढून घेतल्यासारखं. टेन्शन म्हणाले, वय म्हणाले, डिप्रेशनच्या गोळ्या झाल्या. घरी सगळ्यांना मी चिडकी वाटायचे, मलाही मी चिडकीच वाटायचे. बायकांमध्ये असंच थकवा, निद्रानाश, डोकेदुखी या वाटांनी ते येतं आणि त्यामुळे उशिरा सापडतं.

मशीनवर पूर्ण रात्र जायला लागल्यावरही मला तरतरी यायला बराच काळ लागला. सकाळचं जडपण लवकर गेलं, नावं आठवणं शेवटी परत आलं. तेव्हा अर्धोन्मीलित, तास वाढल्यावर दुसऱ्याच दिवशी चमत्काराची वाट बघू नका.

एक करा, एपवर्थ स्केल भरून ठेवा. मेलबर्नच्या मरे जॉन्स यांनी १९९१ मध्ये केलेली साधी प्रश्नावली आहे, आठ प्रसंग, प्रत्येकाला ० ते ३, एकूण २४. वाचत बसलं असताना, टीव्ही बघताना, गाडी सिग्नलला थांबली असताना डुलकी लागायची शक्यता किती, असे प्रश्न. १० च्या वर गेलं तर झोप जास्तच येतेय. आता भरा आणि दोन-तीन महिन्यांनी परत भरा, जमलं तर बायकोलाही तुमच्याबद्दल भरायला सांगा, आपल्याला स्वतःची पेंग कमीच दिसते.

आणि किल्ली तिच्याकडेच राहू द्या. काच खाली करणं, गाणी मोठ्याने लावणं याने काही होत नाही, झोप दोन सेकंदांची लागते आणि लागली हे कळतही नाही. ड्रायव्हिंग कधी सुरू करायचं हे डॉक्टरांना विचारून ठरवा.

लॅबवाली

मी स्लीप लॅबमध्ये टेक्निशियन आहे. वर बहुतेक सगळं बरोबर आलंय, थोडी भर घालते.

झोपेत मास्क काढणं हे खूप कॉमन आहे आणि त्याला काहीतरी कारण असतं. कधी प्रेशर कमी पडतं आणि गुदमरल्यासारखं होऊन हात जातो. कधी उलट, जास्त होतं, पोटात हवा जाते, सकाळी पोट फुगलेलं आणि ढेकरा. कधी लीक. ऑटो मशीनमध्ये मोठं लीक असेल तर मशीनचा अंदाजच चुकायला लागतो, पंक्चर ट्यूबमध्ये हवा भरत बसल्यासारखं होतं ते, आणि अशा रात्रींचा एएचआय पण डोळे झाकून धरू नये. काही थोड्या लोकांना मशीन सुरू केल्यावर सेंट्रल ॲप्निया दिसायला लागतो, म्हणजे घसा उघडा पण मेंदूकडून श्वास घ्यायचा निरोपच जात नाही, बऱ्याचदा तो काळाने आपोआप कमी होतो पण रिपोर्टमध्ये बघावं लागतं. यातलं तुमचं कोणतं हे ॲपच्या पहिल्या पानावरून कळणार नाही, मशीनमधल्या मेमरी कार्डवरच्या मिनिटामिनिटाच्या आलेखावरून बरंचसं कळतं. किती वाजता लीक वाढलं, तेव्हा प्रेशर किती होतं, कितीला बंद झालं, सगळं दिसतं.

म्हणून मशीन घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डिटेल रिपोर्ट काढायला सांगा. व्हिडिओ बघून प्रेशर स्वतः बदलत बसू नका प्लीज, आम्ही नंतर ते निस्तरत बसतो. तोंडाचं लीक असेल तर नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा मास्क किंवा चिन स्ट्रॅप, म्हणजे तोंड मिटलेलं ठेवणारा हनुवटीचा पट्टा, ते बघून ठरेल. मशीन लावून एक रात्र ऑक्सिजनची नोंद घेता येते, तीही मागा.

हे सगळं करून, सहा-सात तास रोज होऊन, रक्त तपासणी नॉर्मल येऊनसुद्धा पेंग राहिली तर असेही लोक असतात, आणि त्यांच्यासाठी दिवसा जागं ठेवणारी औषधं आहेत, डॉक्टर देतात. पण ते नंतरचं, ३ तास ४० मिनिटांवर तो विषय काढायचाच नाही.

हो, आणि कधी कसलंही ऑपरेशन ठरलं तर भूलतज्ज्ञांना ॲप्निया आहे हे आधी सांगायचं आणि मशीन बरोबर न्यायचं. लोक दाताचं, गुडघ्याचं म्हणून सांगतच नाहीत.

अर्धोन्मीलित

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोने तिची_बाजू यांचं वाचलं आणि म्हणाली ती चुंबकाची क्लिप तुम्ही पण अशीच काढता, मी पाहिलंय, मला वाटलं मुद्दामच काढताय! म्हणजे बघा. एपवर्थ भरलं, माझ्या मते ११, तिच्या मते १७. डॉक्टरांची पुढच्या आठवड्यातली वेळ मिळालीये.

एक शेवटचं, ऑफिसात सांगावं का हे? की त्याने अजून वाईट दिसेल?

बिनधास्त_घोरे

मी सांगितलं. पण "झोपेचा आजार" असं नाही सांगितलं, लोक हसतात. "श्वासाचा आजार आहे, रात्री ऑक्सिजन कमी होतो, उपचार चालू आहेत" म्हणालो, साहेब एकदम गंभीर झाले.

मी_घोरत_नाही

मी फक्त वरिष्ठांना सांगितलं, डॉक्टरांचं पत्र दाखवून, आणि महत्त्वाच्या मीटिंगा सकाळी लवकर घेऊ या अशी विनंती केली. बाकीच्यांना कशाला? पण मशीनरीवर, उंचीवर किंवा गाडी चालवण्याचं काम असेल तर मात्र सांगायलाच हवं, तिथे लाज नको.

लॅबवाली

पत्र डॉक्टर देतील, त्याच भेटीत मागून घ्या. आणि मशीन नेताना ह्युमिडिफायरमधलं पाणी आधी ओतून टाका हं, पिशवीत आडवं झालं की ते सरळ मोटरमध्ये जातं, आठवड्यातून एक तरी मशीन असं येतं आमच्याकडे.